तक्रारीची खुर्ची

वर्धा, १२ डिसेंबर २०२५

कवडूभाऊ,

जय भीम.

पाकिटावर दुकानाचं नाव पाहून तुम्ही हे पत्र न वाचताच चुलीत घातलंत, तर माझं काही म्हणणं नाही. फक्त त्याआधी कमलाबाईंना एकदा विचारा. फोनच करणार होतो. नंबर मिळवला, दोनदा लावलाही, आणि तुमचा 'कोण बोलते?' ऐकून दोन्ही वेळा ठेवून दिला. पस्तीस वर्षं गल्ल्यावर बसून नुसत्या बोलण्यावर ट्रॅक्टर विकले, आणि 'मी प्रफुल' एवढे दोन शब्द तोंडातून निघेनात.

कामाचं सांगतो. मार्चअखेर दुकान बंद होतंय. कंपनीनं एजन्सी नागपूरच्या एका मोठ्या पार्टीला दिली. त्यांचं शोरूम काचेचं आहे, आत थंड हवा आहे, चिखलाच्या चपला घालून आत जायला माणूस बिचकतो. असो. जाता जाता एक मेळावा घ्यायचं ठरवलं आहे. रथसप्तमीला, २५ जानेवारीला, अण्णाजी घ्यायचे तसाच. मागच्या आवारात गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरून तूप, आणि शेवटची पंगत उठेपर्यंत दुकानातल्या कोणीही जेवायचं नाही.

आणि खुर्ची ठेवणार आहे.

तुम्हाला खुर्चीचं काय सांगायचं! पण लिहायला बरं वाटतं म्हणून लिहितो. आवाराच्या मधोमध ती लाकडी खुर्ची. ज्याला आमच्या दुकानाबद्दल जे काही बोलायचं असेल, त्यानं तीवर बसून सगळ्यांसमोर बोलायचं. मालकानं टोपी काढून समोर उभं राहायचं आणि एक शब्दही उलटून बोलायचा नाही. उत्तर आठ दिवसांत कामानं द्यायचं. त्याआधी पंगत बसायची नाही. तुम्ही क्लचप्लेटवरून अण्णाजींना अर्धा तास झाडलं होतं, आठवतं? 'तुमचा मिस्त्री चांगला हाये, पण तुमचे पार्ट पापडाचे हाये,' म्हणाला होतात. चारशे माणसं हसली. अण्णाजी टोपी हातात धरून उभे होते, आणि नंतर तुमच्या ताटात तूप त्यांनी स्वतः वाढलं. तेव्हा बाप असा का ऐकून घेतो म्हणून मला लाज वाटली होती.

२०१८ च्या मेळाव्यात खुर्चीचा थोडा घोटाळा झाला. त्याबद्दल वाईट वाटतं. या वेळी तुम्ही यावं आणि पहिल्यांदा तुम्हीच बसावं, एवढीच इच्छा आहे.

कमलाबाईंना नमस्कार.

तुमचा,
प्रफुल

*

वर्धा, ४ जानेवारी २०२६

कवडूभाऊ,

तुमचं उत्तर नाही. तुमच्या गावचा पोस्टमन म्हणतो पत्र पोचलं, घरच्या बाईंच्या हातात दिलं.

मी मागे काय लिहिलं ते आठवून पाहिलं. 'खुर्चीचा थोडा घोटाळा झाला.' जसं काही खुर्ची आपल्या पायांनी चालत गेली. उत्तर आलं नाही यात तुमची चूक नाही.

खुर्ची मी उचलली. स्वतःच्या हातांनी, सकाळी सातला, आणि गोदामात नेऊन उलटी करून ठेवली.

कारण मला माहीत होतं की तुम्ही येणार आहात आणि काय बोलणार आहात. त्याआधीच्या दसऱ्याला बारा थ्रेशर आले होते. पट्ट्यावर बसवायच्या लोखंडी जाळ्या कारखान्यातून मागाहून यायच्या होत्या. सोयाबीन कापून पडलेलं, ढग आलेले, लोक दारात उभे. मी सगळ्यांना म्हणालो, 'घेऊन जा, जाळी आठ दिवसांत घरपोच.' गोपाल मिस्त्री म्हणाला, 'भाऊ, उघड्या पट्ट्याची मशीन देऊ नका.' मी त्याला म्हणालो, तू पाने फिरव, दुकान मी चालवतो. आठ दिवसांचे पंधरा झाले, महिना झाला. दिवाळीनंतर कमलाबाईंचा पदर पट्ट्यात गेला आणि तो सोडवताना उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मी दवाखान्यात आलो होतो. सफरचंदं घेऊन. तुम्ही एवढंच म्हणालात, 'मेळाव्यात येतो.' मी ते ऐकलं आणि सफरचंदं ठेवून निघालो. त्या वर्षी कंपनीचे मोठे साहेब मेळाव्याला येणार होते. त्यांच्यासमोर, चारशे शेतकऱ्यांसमोर, तुम्ही खुर्चीत बसून कमलाबाईंचा हात वर करून दाखवणार, आणि मी टोपी काढून उभा. मला ते सहन झालं नसतं. खरं सांगायचं तर एजन्सी गेली असती ही भीती होती. ती तशीही गेलीच, आठ वर्षांनी.

तुम्ही आलात. पांढरा सदरा, मागे कमलाबाई, हाताला पट्टी. तुम्ही आवाराच्या मधोमध त्या जागी जाऊन उभे राहिलात आणि इकडेतिकडे पाहिलंत. मी माइकवर साहेबांचा सत्कार करत होतो. तुम्ही थांबलात. सत्कार झाला, लकी ड्रॉ झाला, 'पंगत बसवा' असं मीच ओरडलो. मग तुम्ही दोघं न जेवता गेलात. फाटकापर्यंत मी तुमच्याकडे पाहिलं नाही असं दाखवलं, पण पाहत होतो.

त्यानंतरच्या मेळाव्यांचं तुम्हाला माहीत नसेल. पुढच्या वर्षी निम्मेच लोक आले. जेवले, कंपनीची फुकटची टोपी घेतली, गेले. कोणी भांडलं नाही. मला वाटलं, वा, किती शिस्त आली! त्याच्या पुढच्या वर्षी हॉल घेतला, पास छापले, डब्यातलं जेवण. मग कोरोना आला आणि सुंठीवाचून खोकला गेला. आता आमच्या दुकानातली रूपाली रथसप्तमीला सगळ्यांच्या मोबाइलवर फुलांचं चित्र पाठवते, खाली 'आपण आमचे मौल्यवान ग्राहक आहात' आणि ऑइल फिल्टरवर सूट. तक्रार असेल तर मोबाइलवर तारे द्यायचे, एक ते पाच. एक तारा देणाऱ्याला कंपनीतून कुणीतरी पोरगी हिंदीत फोन करते.

सगळेच लोक आम्हाला विसरले असं मात्र नाही हो. देवळीचा गजेंद्र, त्या बारातलाच एक, मागच्या वर्षी बाजार समितीत भेटला. चार लोकांत म्हणाला, 'तुमच्यासारखं दुकान पाह्यलं नाई भाऊ. मशीन विकल्यावरबी माणूस पाठवून काळजी घेते.' कोणता माणूस, कसली काळजी, मला काही आठवेना. पण चार लोकांत कौतुक चाललं असताना खोदून कोण विचारतो? मी त्याला चहा पाजला आणि दोन दिवस खुशीत होतो.

पुन्हा माझीच लाल करायला लागलो. थांबतो.

तुम्ही या. बसा. जे त्या दिवशी बोलणार होतात ते बोला. मी उभा राहतो.

प्रफुल

*

वर्धा, १७ जानेवारी २०२६

कवडूभाऊ,

आठच दिवस उरले. आवार झाडून घेतलं. खुर्ची काढली, धुतली, एक पाय हलत होता तो ठोकून घेतला.

खुर्ची काढायला गोदामात गेलो म्हणून हे तिसरं पत्र. नाहीतर मी हेही तुमच्यापासून लपवलंच असतं.

ती उलटी ठेवली होती तिच्याशेजारी मागाहून रचलेली खोकी अजून तिथंच आहेत. तीन खोकी. त्यांत बारा जाळ्या आहेत, कारखान्याच्या कागदात गुंडाळलेल्या, वर धूळ.

त्या तेव्हा आल्या होत्या, कवडूभाऊ. मेळाव्यानंतर पंधरा दिवसांनी. पण त्याआधी, मेळाव्याला आठवडा होत नाही तोच, सेलूकडच्या आनंदाबाईंचा हात गेला. तूर काढताना. तशीच मशीन, तसाच पट्टा. त्यांचं अख्खं मनगट गेलं. तुम्हाला हे कळलं असेल की नाही, माहीत नाही.

आनंदाबाईंचे यजमान त्या मेळाव्यात होते. दुसऱ्या पंगतीत बसले होते, मी स्वतः त्यांना रोडगा वाढला. तुम्ही खुर्चीत बसून बोलला असता तर त्यांनी ते ऐकलं असतं. घरी गेल्यावर पट्ट्यावर निदान पोतं तरी बांधलं असतं. ते बाराही लोक त्या दिवशी आवारात होते. पाच मिनिटांचं काम होतं.

अण्णाजी ती खुर्ची का ठेवायचे ते मला आता समजलं. मी समजत होतो की गिऱ्हाइकाचा राग शांत करायला. ती गिऱ्हाइकांनी एकमेकांना सावध करायची जागा होती.

मग जाळ्या आल्या तेव्हा मी काय केलं? वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, आता बसवायला गेलास तर चूक कबूल केल्यासारखं होईल. मला तेच ऐकायचं होतं. खोकी गोदामात ठेवली. गोपाल मिस्त्रीनं ती पाहिली. त्यानं पान्यांची पेटी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, 'तुमचे पाने तुम्हीच फिरवा आता.' त्यानं पवनारला स्वतःचं गॅरेज टाकलं. त्याच्यासमोरून माझी गाडी जाते तेव्हा मी दुसऱ्या बाजूला पाहतो.

हे सगळं लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत.

पंचवीस तारखेला वाट पाहीन.

प्रफुल

*

वर्धा, २६ जानेवारी २०२६

कवडूभाऊ,

मेळावा झाला. कमलाबाईंनी तुम्हाला सांगितलंच असेल, पण माझ्या तोंडून ऐका.

दोनशे लोकांचे रोडगे लावले होते. एकोणीस माणसं आली. त्यांतली चार नागपूरच्या त्या पार्टीची, सामान पाहायला आलेली. लोक विचारत होते, 'गिफ्ट काय हाये भाऊ?' मी खुर्चीजवळ टोपी काढून उभा राहिलो आणि म्हणालो, कोणाला काही बोलायचं असेल तर बसा. एकानं मोबाइल काढून माझा फोटो घेतला. एक जण म्हणाला, 'सगळं बेस आहे भाऊ, पंगत बसू द्या.' कोणी बसलं नाही. अर्धा तास मी रिकाम्या खुर्चीसमोर उभा होतो. ऊन चढलं.

तेवढ्यात फाटकातून कमलाबाई आल्या. एकट्या, बसनं. मी ओळखलं. मी खुर्चीकडे हात केला, 'बसा.'

त्या बसल्या नाहीत. खुर्चीच्या पाठीवर तो हात ठेवला, तीन बोटांचा, आणि आवारभर पाहिलं. मग म्हणाल्या, 'चारशे लोकं होते तवा खुर्ची नव्हती. आता खुर्ची हाये तं लोकं नाई. कोणाले सांगू भाऊ? तुम्हाले? तुम्हाले तं माईतच हाये.'

मी म्हणालो, 'कवडूभाऊ आले असते तर...'

'ते नाई येणार. ते म्हणे, खुर्ची आमच्यासाठी होती तवा उचलली, आता सोताच्या जिवाले बरं वाटावं म्हणून मांडली. त्याच्यावर मी काऊन बसू?'

मी टोपी हातात धरून उभा राहिलो. नियमानं बोलायचं नव्हतं.

मग त्यांनी पिशवीतून माझं तिसरं पत्र काढलं. 'यात जाळ्या लिहल्या ना तुम्ही? बारा?'

'हो.'

'मंग त्या अजून गोदामातच काऊन हाये? आठ वर्सं झाली. पत्र लिहून राह्यले तुम्ही, अन् जाळ्या तिथंच. तूर निंगून राह्यली लोकाईची.'

कवडूभाऊ, खोटं सांगत नाही, तीन पत्रं लिहिली, खुर्ची धुतली, पाय ठोकून घेतला, आणि त्या जाळ्या नेऊन बसवाव्यात हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. माफी मागण्यातच गुंग होतो.

मी जेवायचा आग्रह केला. त्या म्हणाल्या, 'जाळ्या लावून या, मंग पाहू.' साडेबाराच्या बसनं परत गेल्या.

उरलेले रोडगे स्टेशनजवळ वाटले. उद्या सकाळी पवनारला जातो. गोपाल मिस्त्रीच्या पाया पडावं लागलं तरी पडेन.

प्रफुल

*

वर्धा, १६ फेब्रुवारी २०२६

कवडूभाऊ,

गोपालच्या पाया पडावं लागलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, टेम्पोतल्या खोक्यांकडे पाहिलं, आणि पेटी घेऊन पुढे बसला. आता वाटतं, त्याला सगळं ठाऊक होतं आणि तो मुद्दाम गप्प बसला.

पहिले आम्ही गजेंद्रकडे, देवळीला गेलो. थ्रेशर गोठ्यामागे उभा होता. पट्ट्यावर आधीच जाळी होती. जाळी म्हणजे तेलाच्या डब्याचा पत्रा, मापात कापलेला, रिबिटा मारून पट्टीवर बसवलेला. मी म्हणालो, छान केलंस रे घरच्या घरी. तो म्हणाला, 'मी कायले करतो? तुम्हीच तं पाठवला होता माणूस.'

मला काही उमगलं नाही. दुसऱ्या गावी गेलो. तिथंही तसाच पत्रा. तिसऱ्या गावीही. मी खाली बसून काठावरून हात फिरवला. काठ आत दुमडलेला होता, बोट कापू नये म्हणून, आणि कोपरे ठोकून गोल केलेले. पुलगावच्या लष्करी डेपोत पेट्यांना पत्रा मारण्यात तुमची सगळी नोकरी सरली, कवडूभाऊ. एकदा तुम्ही आमच्या दुकानाची पेटी दुरुस्त केली होतीत. ती अजून गल्ल्याजवळ आहे. तिचे कोपरेही असेच आहेत.

मी त्या शेतकऱ्याला विचारलं, कोण आलं होतं? तो म्हणाला, 'पुलगावकडचे एक बुढे आलते. बसवर सायकल टाकून, मांगं पत्रे बांधून. मेळाव्यानंतर. आम्ही मशीनले हात लावू देत नव्हतो, तं म्हणे, मले दुकानातून पाठवलं, अण्णाजीच्या दुकानातून. पैसे घेतले नाई. पानी पेले अन् गेले.'

मी गोपालकडे पाहिलं. तो म्हणाला, 'यादी माह्याजवळून नेली त्याईनं. मी म्हटलं, दुकानाचं नाव काऊन घेता? तं म्हणे, अनोळखी माणसाले कोन मशीनले हात लावू देते? नाव घेतलं तं काम होते.'

घरी बोटं गमावलेली बायको. जाऊ द्या, काय लिहू. मी साहेबांना शाल घातली, आणि त्यानंतर तुम्ही माझ्या दुकानाच्या नावानं गावोगाव सायकल मारलीत. बाजार समितीत गजेंद्रनं केलेलं ते कौतुक तुमचं होतं. त्यावर मी चहा पाजला आणि दोन दिवस खुशीत राहिलो.

सगळीकडे गेलो. नऊ ठिकाणी तुमचा पत्रा जसाच्या तसा होता. एका ठिकाणी मशीन भंगारात गेली होती, पण मालकानं पत्रा काढून कोंबड्यांच्या खुराड्याला लावलाय. मी कारखान्याच्या जाळ्या बसवू लागलो तर गोपाल म्हणाला, 'काढू नका, हे जास्त मजबूत हाये.' मी तुमचं काम काढलं नाही. जाळ्या टेम्पोतच राहिल्या.

शेवटी सेलूकडे, आनंदाबाईंकडे. त्यांचे यजमान तीन वर्षांमागे गेले. त्यांच्याही मशीनवर पत्रा आहे. त्यांनी सांगितलं, हात जाऊन नऊ दिवस झाले होते तेव्हा तुम्ही पोचलात. यादीत त्यांचं गाव सातवं होतं. दवाखान्याचं ऐकून तुम्ही उंबऱ्यावर बसलात आणि म्हणालात, 'बाई, मले उशीर झाला.' मग उठून पत्रा बसवला. आठ वर्षं त्या हेच धरून आहेत की दुकानाच्या माणसाला यायला उशीर झाला.

त्यांनी घरातून खुर्ची आणून माझ्यापुढे ठेवली. पाहुणा म्हणून. उरलेल्या हातानं ओढत आणली. 'बसा भाऊ,' म्हणाल्या.

मला बसता आलं नाही. मी त्यांना म्हणालो, 'आनंदाबाई, तुम्ही बसा.' त्या बसल्या. शेजारचे चार लोक जमले होते. मी टोपी काढली आणि सगळं सांगितलं. जाळ्यांचं, मेळाव्याचं, खुर्ची कोणी उचलली त्याचं, वकिलाचं. तो माणूस दुकानाचा नव्हता हे सांगितलं. त्यांना उशीर झाला नाही, त्यांचं तोंड मी बंद केलं म्हणून त्यांना एकेका गावाला जावं लागलं, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. ते बोलायचा त्यांचा हक्क होता. मी उलटून बोललो नाही.

आता तुमचं घर तेवढं राहिलं. तुमच्या मशीनवर पत्रा असणारच, त्यामुळे जाळी बसवायचं निमित्तही मला उरलं नाही. पुढच्या मंगळवारी, चोवीस तारखेला, सकाळच्या बसनं पुलगावला उतरतो आणि चालत येतो. नको असेन तर एक ओळ टाका, स्टँडवरूनच परत जाईन.

आणि येऊ दिलंत, तर एवढं करा. गावातल्या चार लोकांना बोलावून ठेवा. तुम्ही दोघं बाजेवर बसा. मला बसायला सांगू नका.

प्रफुल